सड्यावरच्या तांबड्या मातीची त्रयस्थ तपासणी: आम्ही घेतलेल्या एका सेवेचे परीक्षण

पाटण तालुक्यात आमच्या भावकीची सामाईक जमीन आहे. वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, आणि खाली उतारावर काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेला तांबड्या मातीचा पट्टा, असे तिचे स्वरूप आहे. घाटरस्त्यांच्या कापांत असा पट्टा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो; आमच्याकडे त्याला गेरू म्हणतात आणि पूर्वी घराचे जोते सारवण्यापलीकडे त्याचा कोणी विचार केला नव्हता. गेल्या वर्षी बाहेरगावचा एक प्रवर्तक खाणकामाच्या तीस वर्षांच्या कराराचा मसुदा, विसाराची रक्कम आणि चाळीस पानांचा तांत्रिक अहवाल घेऊन आला. ही माती आणि तिच्या वरचा कातळ हा उत्तम दर्जाचा ‘नैसर्गिक पोझोलाना’ आहे आणि त्यात टायटॅनियम व व्हॅनेडियम ही ‘क्रिटिकल’ खनिजेही आहेत, असे दोन दावे त्या अहवालात होते. सही करण्यापूर्वी आम्ही अकरा खातेदारांनी वर्गणी काढून एका स्वतंत्र तांत्रिक सल्लागार संस्थेकडून या दाव्यांची पडताळणी करून घेतली. प्रवर्तकाचे किंवा संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण अशी सेवा घेताना काय मागावे, काय तपासावे आणि कशासाठी पैसे मोजावेत, हे आमच्यासारख्या खातेदारांना कळावे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आधी पोझोलाना म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा प्रश्न त्या एका शब्दाभोवती फिरला. इटलीत नेपल्सजवळ पोझुओली नावाचे गाव आहे, तिथल्या ज्वालामुखीच्या राखेवरून हे नाव पडले. ही राख एकटी पाण्यात कालवली तर घट्ट होत नाही; पण बारीक दळून चुन्याबरोबर ओली ठेवली की तिच्यातील सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि दगडासारखा बंध तयार होतो. आपल्याकडच्या वाड्यांच्या आणि घाटांच्या बांधकामात चुन्यात भाजक्या विटांची सुरखी मिसळत, तिचे कामही हेच होते. आजच्या सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर जो मोकळा चुना सुटतो, तो बांधून घेण्यासाठी औष्णिक वीज केंद्रांची फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची उडती राख, वापरली जाते. सातारा-सांगलीच्या रेडीमिक्स प्लँटना आणि ब्लॉकवाल्यांना ती लांबून आणावी लागते, त्यामुळे जवळच्या डोंगरात तसा पदार्थ असल्याची बातमी कोणालाही आकर्षक वाटावी यात नवल नाही. आमच्या पुतण्याची नोकरी कराडच्या एका रेडीमिक्स प्लँटमध्ये आहे. “काका, अहवालातले आकडे खोटे वाटत नाहीत, पण ते कशाचे आहेत हे कोणाकडून तरी बघून घ्या,” असे त्यानेच आम्हांला सुचवले.

संस्थेची पहिली गोष्ट मला आवडली ती तिच्या पत्रात होती. काम स्वीकारण्याआधी त्यांनी लेखी कळवले की या प्रकल्पात, जमिनीत किंवा प्रवर्तकाच्या कंपनीत त्यांचा कोणताही हितसंबंध नाही, शुल्क निकालावर अवलंबून राहणार नाही आणि शेवटचा हप्ता अहवाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तेवढाच राहील. त्याच पत्रात भूशास्त्रज्ञ कोण येणार, बांधकाम साहित्याचा अभियंता कोण असणार आणि दोघांना नेमक्या अशाच खनिजाचा किती वर्षांचा अनुभव आहे, हेही दिलेले होते. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेत खनिजसाठ्याच्या अहवालावर सही करणाऱ्या ‘सक्षम व्यक्ती’ला त्या प्रकारच्या खनिजाचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा अशी अट आहे. आम्हांला ती लागू नव्हती, तरी संस्थेने ती आपणहून पाळली. सोन्याच्या खाणीत आयुष्य घालवलेला तज्ज्ञ सिमेंटमध्ये घालायच्या मातीबद्दल चुकू शकतो, हे आम्हांला तोवर सुचलेही नव्हते.

वैशाखात दोघे तज्ज्ञ तीन दिवस आमच्याकडे राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच खोदले नाही. प्रवर्तकाचा अहवाल हातात घेऊन त्यातला प्रत्येक नमुना जमिनीवर नेमका कुठून घेतला, हे शोधण्यात तो पूर्ण दिवस गेला. नमुने एकूण सहा होते. त्यांपैकी चार रस्त्यासाठी कापलेल्या एकाच दरडीतून घेतलेले निघाले आणि दोन ठिकाणे सापडलीच नाहीत, कारण अहवालात अक्षांश-रेखांश दिलेले नव्हते. अहवालाला जोडलेले प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र अस्सल होते. मात्र त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: नमुना ग्राहकाने पुरविल्याप्रमाणे तपासला असून निकाल केवळ त्या नमुन्यापुरते लागू आहेत. आम्ही ते कागद चार वेळा चाळले होते आणि ही ओळ एकदाही वाचली नव्हती. प्रयोगशाळेने पिशवीची ग्वाही दिली होती आणि आम्ही ती डोंगराची समजत होतो.

दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी उताराला आडव्या चरी मारून पट्ट्याच्या पूर्ण जाडीतून नमुने घेतले गेले. वरचा ऊन-पावसाने झिजलेला भाग आधी तासून काढला. प्रत्येक चरीतील माल ताडपत्रीवर पसरून, नीट कालवून, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे, असे करत तो कमी केला. शेवटी प्रत्येक नमुन्याच्या तीन पिशव्या झाल्या: एक प्रयोगशाळेसाठी, एक दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीसाठी आणि एक आमच्याकडे राखून ठेवण्यासाठी. प्रत्येक पिशवीवर क्रमांक, सील आणि आमच्यापैकी दोघांच्या सह्या घेतल्या. प्रयोगशाळेला पाठवलेल्या पिशव्यांत त्यांनी क्रमांक बदलून काही नमुने दुबार घातले, ज्याचे घटक आधीच ठाऊक आहेत असा एक प्रमाणित संदर्भ पदार्थ घातला आणि एक निव्वळ गारगोटीच्या वाळूची पिशवी घातली. प्रयोगशाळेला यांतली कोणती पिशवी कोणती हे ठाऊक नसते. दुबार नमुन्यांचे निकाल जुळले आणि वाळू वाळूच निघाली, तरच बाकीच्या आकड्यांवर भिस्त ठेवायची, अशी ही पद्धत आहे.

राखीव पिशवीचे महत्त्व सांगताना भूशास्त्रज्ञांनी ब्रे-एक्सचे उदाहरण दिले. इंडोनेशियातील बुसांग येथे प्रचंड सोने सापडल्याचा दावा करणाऱ्या या कॅनडाच्या कंपनीने बोअरमधून काढलेल्या कोअरचा (दगडाच्या लांब दांड्यासारख्या नमुन्याचा) अर्धा भाग राखून न ठेवता पूर्ण कोअर दळून तपासणीला पाठवली होती, त्यामुळे नंतर तुलना करायला मूळ दगडच उरला नव्हता. १९९७ मध्ये स्वतंत्र संस्थेने नव्याने बोअर घेतल्यावर नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे उघड झाले आणि गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर बुडाले. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने खनिज प्रकल्पांच्या जाहीर अहवालांसाठी कडक नियम लागू केले. आमच्या भागात कोअर जपण्याची गोष्ट खरे तर नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या भूगर्भाचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात पुढे खोल बोअर घेतले गेले आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ भेदून खालचा ग्रॅनाइट गाठला गेला. त्या कामासाठी कराडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी आहे.

आता निकालाकडे येतो, कारण या सेवेची खरी किंमत तिथे वसूल झाली. प्रवर्तकाच्या अहवालात सगळा भर एका बेरजेवर होता. अमेरिकेच्या एएसटीएम सी ६१८ या मानकानुसार नैसर्गिक पोझोलानामध्ये सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोह ऑक्साइड यांची बेरीज किमान ७० टक्के असावी लागते. आमच्या मालाची बेरीज त्याहून बरीच वर होती, आणि संस्थेच्या स्वतंत्र तपासणीतही ती वरच आली. म्हणजे प्रवर्तकाचा आकडा बरोबर होता. पण अभियंत्यांनी आमच्यासमोर दुसरा एक कागद ठेवला. आपल्या दख्खनच्या कुठल्याही साध्या काळ्या कातळात सुमारे ५० टक्के सिलिका आणि प्रत्येकी साधारण १३-१४ टक्के अ‍ॅल्युमिना व लोह ऑक्साइड असते, तेव्हा ही बेरीज कोणत्याही क्रशरच्या भुकटीचीसुद्धा सत्तरच्या वर जाते. मग क्रशरची भुकटी सिमेंटऐवजी का वापरत नाहीत? कारण पोझोलानाचा गुण रासायनिक बेरजेवर ठरत नाही. सिलिका कोणत्या रूपात आहे यावर तो ठरतो. ज्वालामुखीची राख हवेत उडून झटकन थंड होते, तिच्यातील अणूंना स्फटिकाच्या रांगेत बसायला वेळच मिळत नाही. ती काच होते आणि काचेतील सिलिका चुन्याला लगेच भिडते. आपला कातळ हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या जाड लाव्ह्यांचा आहे. तो सावकाश निवला, त्याचे स्फटिक झाले आणि ते चुन्याला दाद देत नाहीत. जी थोडी काच कडेला तयार झाली असेल, तीही एवढ्या काळात कुजून माती झाली आहे.

हे केवळ सांगून ते थांबले नाहीत. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात काच असेल तर एक पसरट फुगवटा दिसतो आणि स्फटिक असतील तर टोकदार सुळके दिसतात. आमच्या कातळाच्या आलेखात सुळकेच होते. नंतर आयएस १७२७ या १९६७ च्या भारतीय मानकाप्रमाणे चुना-प्रतिक्रियाशीलतेची चाचणी झाली. तीत सिमेंट मुळीच नसते. चुना, आपला पदार्थ आणि प्रमाणित वाळू यांचे ५० मिलिमीटरचे क्यूब करून दोन दिवस साध्या तापमानाला आणि पुढचे आठ दिवस ५० अंश सेल्सिअसला दमट ठेवतात आणि मग ते दाबून फोडतात. फ्लाय अ‍ॅशसाठी भारतीय मानकात किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढी मर्यादा आहे. कातळाची भुकटी तिच्या निम्म्यालाही पोहोचली नाही. तांबडी माती थोडी पुढे होती, तरी नापासच.

प्रवर्तकाच्या अहवालात या चाचणीऐवजी सिमेंटमध्ये २० टक्के माल मिसळून केलेली ताकदीची चाचणी होती आणि तीत माल उत्तीर्ण होता. तेथे निव्वळ सिमेंटच्या तुलनेत ७५ टक्के ताकद पुरेशी धरतात. अभियंत्यांचे म्हणणे असे की ८० टक्के सिमेंट तर शिल्लकच असते, आणि बारीक दळलेली निष्क्रिय भुकटीसुद्धा पोकळ्या भरून या मर्यादेच्या आसपास पोहोचू शकते. म्हणून एकट्या या चाचणीवर खाण उघडू नये. संपूर्ण अहवालातला हा परिच्छेद मला सर्वांत मोलाचा वाटला. एकही आकडा खोटा न ठरवता त्याने निष्कर्ष चुकीचा असल्याचे दाखवले, आणि हे काम आम्हांला स्वतःला कधीच जमले नसते.

‘क्रिटिकल’ खनिजांचा दावा त्यांनी दोन पानांत निकाली काढला. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० क्रिटिकल खनिजांची यादी जाहीर केली आणि त्या यादीत टायटॅनियम व व्हॅनेडियम आहेत, हे खरे. आमच्या दगडात ती आहेत, हेही खरे. मात्र दख्खनच्या कातळात २ ते ३ टक्के टायटॅनियम ऑक्साइड सर्वत्रच असते आणि ते सूक्ष्म कणांत असे अडकलेले असते की ते वेगळे काढण्याचा खर्च निघणार नाही. देशात टायटॅनियम मिळते ते मुख्यतः किनाऱ्यावरील इल्मेनाइटच्या वाळूतून. या न्यायाने साताऱ्यातील प्रत्येक घराचे जोते क्रिटिकल खनिजाचे ठरेल, असे भूशास्त्रज्ञ म्हणाले. शिवाय खनिज कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा २४ खनिजांच्या खाणपट्ट्यांचा लिलाव केंद्र सरकार करते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार जमिनीखालच्या खनिजांवर साधारणपणे शासनाचा हक्क असतो. तेव्हा आमच्या करारात ती खनिजे ‘देण्याचा’ अधिकार आम्हांला होता की नाही, हाच मुळात प्रश्न होता. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचनेचा मुद्दाही त्यांनी न विचारता पहिल्याच पानावर नोंदवला, हे विशेष.

एक गोष्ट मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. आपण ‘साठा’ हा एकच शब्द सगळ्यासाठी वापरतो. खनिजशास्त्रात मात्र जमिनीत असावे असा अंदाज असलेला माल वेगळा आणि खणून, विकून, खर्च वजा जाता परवडेल असे सिद्ध झालेला माल वेगळा. शोधकामाचे टप्पेही जी-४ या प्राथमिक पाहणीपासून जी-१ या सविस्तर शोधापर्यंत चढत जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील रियासी येथे ५९ लाख टन लिथियमचा साठा सापडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रत्यक्षात जी-३ टप्प्यावरचे अनुमानित संसाधन एवढेच म्हटले होते. आमच्या प्रवर्तकाने एका दरडीत दिसलेली जाडी संपूर्ण गटांच्या क्षेत्रफळाने गुणून, घनता पुस्तकातून घेऊन, त्या गुणाकाराला ‘सिद्ध साठा’ म्हटले होते. संस्थेच्या चरींमध्ये तांबडा पट्टा एके ठिकाणी पुरुषभर उंचीचा आणि शे-दीडशे पावलांवर वीतभर निघाला. त्यातच त्याच्या डोक्यावर तीन-चार मजली घराएवढा कातळ आहे, आणि तो सगळा फोडून बाजूला टाकल्याशिवाय खालची माती निघणार नाही. या एका कारणानेही हिशेब कोसळतो, मालाचा दर्जा कितीही चांगला असो.

तक्रारी आहेत आणि त्या लहान नाहीत. अहवाल सहा आठवड्यांत देण्याचे ठरले होते, तो दहा आठवडे लांबला. चुन्याची चाचणी मुळात दहा दिवसांची असते आणि ती एकदा पुन्हा करावी लागली, हे मान्य. पण उशिराचे कारण त्यांनी आपणहून कळवले नाही आणि त्या काळात प्रवर्तकाचे तगादे आम्ही सोसले. मूळ अहवाल पूर्ण इंग्रजीत होता. ज्यांच्या वर्गणीतून तो तयार झाला, त्यांच्यातल्या निम्म्यांना तो वाचता येत नव्हता. आम्ही आग्रह धरल्यावर आठ पानांचा मराठी गोषवारा मिळाला. तो चांगला आहे, पण तो करारातच असायला हवा होता. नकाशावर चरींची ठिकाणे अचूक अक्षांश-रेखांशांसह आहेत, परंतु गट नंबर आणि मोजणीच्या हद्दी त्यावर चढवलेल्या नाहीत, त्यामुळे कोणाच्या हिश्श्यात काय निघाले हे आम्हांला पुन्हा मोजणीचा नकाशा लावून पाहावे लागले. बोअर घेतले नाहीत म्हणून खोलीवरचे थर अज्ञात आहेत, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे आणि शुल्काच्या मानाने ते योग्यही आहे. शुल्क एकट्या खातेदाराला पेलणारे नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. अकरा घरांत वाटले म्हणून ते जमले.

अहवाल समजावून सांगायला दोघे तज्ज्ञ श्रावणात पुन्हा आले आणि आमच्या ओसरीवर अडीच तास बसले. सगळे ऐकून झाल्यावर आमच्या थोरल्या काकूंनी विचारले, “मग साहेब, आमच्या मातीत काहीच नाही म्हणायचं का?” भूशास्त्रज्ञांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. ते म्हणाले, “काकू, कच्ची माती उपयोगाची नाही, एवढंच आम्ही तपासलंय. वरच्या जांभ्याखाली जी पांढुरकी-पिवळी माती आहे, ती ७००-८०० अंशांवर भाजली तर तिचा गुण बदलू शकतो. तुमच्या आजेसासऱ्यांच्या काळातली सुरखी म्हणजे भाजलेली मातीच की. पण भाजायची म्हटली की भट्टी आली, जळण आलं, त्याचा हिशेब वेगळा. तो आम्ही केलेला नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.” भाजलेल्या मातीच्या पोझोलानासाठी आयएस १३४४ हे वेगळे मानक आहे, आणि भाजलेली माती व चुनखडी मिसळून केलेल्या सिमेंटसाठी २०२३ मध्ये भारतीय मानक निघाले आहे, याची माहितीही त्यांनी दिली. आपल्या भागातील साखर कारखान्यांच्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेवर आधी प्रयोग करून पाहा, डोंगर कुठे पळून जात नाही, असे अभियंत्यांनी जाता जाता सुचवले.

आम्ही प्रवर्तकाला विसार परत केला आणि करारावर सही केली नाही. त्याच्याशी वाद झाला नाही. संस्थेच्या अहवालाची प्रत त्याला दिली आणि त्याने तिच्यातला एकही आकडा अमान्य केला नाही. जांभ्याखालच्या मातीची भाजून चाचणी करण्यासाठी आम्ही त्याच संस्थेकडे दिवाळीनंतरचे दरपत्रक मागितले आहे. त्या पत्रात या वेळी आम्ही तीन अटी घातल्या आहेत: नमुने खातेदारांसमक्ष घेतले जावेत, नकाशावर गट नंबर असावेत आणि अहवाल मराठीत असावा. राखीव पिशव्या काकूंच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत आहेत आणि पेटीची किल्ली त्यांनी आपल्याकडे ठेवली आहे.